वाचकांचे प्रश्न : हिमाद्रीच्या गावातले प्राणी आणि पाणी

आर्क्टिकमधल्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या न्यू-ऑलेसुंड या किनाऱ्यावरच्या वस्तीत २००८ पासून आपलं 'हिमाद्री' संशोधन स्थानक आहे. ते चालवते वास्कोतली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था. पूर्वी कोळशाच्या खाणीचं असलेलं हे गाव आता फक्त संशोधनासाठी उरलंय. हिवाळ्यात तिथे तीस-पस्तीस माणसं असतात, उन्हाळ्यात शंभराच्या वर. या गावाबद्दल आलेल्या पत्रांना एकत्रच उत्तरं देत आहोत.

७९ अंश उत्तरेला समुद्र गोठत कसा नाही? (चिपळूण)

पूर्वी गोठायचा. गाव कॉन्ग्सफियोर्ड या खाडीच्या दक्षिण काठावर आहे आणि बाहेरून अटलांटिकचा उबदार, खारट प्रवाह उत्तरेकडे जातो. काही फियॉर्डांच्या, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या अशा खाड्यांच्या, तोंडाशी समुद्रतळावर उंबरठ्यासारखा उंचवटा असतो, तो खोलातलं पाणी अडवतो. इथे तसा ठळक उंचवटा नाही, त्यामुळे उबदार पाणी सरळ आत शिरतं. २००६ नंतर मुख्य खाडी धडपणे गोठलेली क्वचितच दिसते. बर्फ धरतो तो आतल्या टोकाला, हिमनद्यांजवळ. भारताने २०१४ मध्ये या खाडीत 'इंडआर्क' ही वेधशाळा सोडली. दोराला बांधलेली तिची उपकरणं वेगवेगळ्या खोलीवर तापमान आणि क्षारता मोजतात, म्हणजे उबदार पाणी कधी आणि किती खोलवर शिरलं ते कळतं.

बर्फ न धरण्याचा पहिला फटका वलयांकित सीलना बसला. मादी समुद्री बर्फावर साचलेल्या हिमात गुहा कोरून तिथे विते. बर्फ नसेल, किंवा असूनही त्यावर पुरेसं हिम साचलं नसेल, तर पिल्लू उघड्यावर पडतं. मग ते अस्वल, कोल्हा आणि मोठे कुरव यांच्या तावडीत सापडतं.

आयडर बदकांचं गणित मात्र दुहेरी आहे. ती खाडीतल्या लोव्हेन बेटांवर घरटी करतात. बर्फ जूनपर्यंत टिकला तर कोल्हे चालत बेटावर पोहोचतात, म्हणून बदकं बर्फ फुटेपर्यंत थांबायची. आता बर्फ लवकर जातो आणि अंडीही लवकर घातली जातात. पण अस्वलाला बर्फाचा पूल लागत नाही. ते पोहत येतं आणि एकामागून एक घरटी साफ करतं.

हिमनदीच्या पायथ्याशी लालसर पाणी आणि त्यावर शेकडो पक्षी, असा फोटो पाहिला. हे प्रदूषण आहे का? (पुणे)

नाही, तो दगडाचा रंग आहे. क्रोनेब्रीन हिमनदी वाटेतला लाल वालुकाश्म दळत येते आणि ते पीठ पाण्यात उतरतं.

पक्ष्यांचं कारण याहून मजेदार. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी हिमनदीच्या तळाखालून वाहत येतं आणि समुद्रात पृष्ठभागाच्या बरंच खाली बाहेर पडतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते बर्फाच्या भिंतीला लगटून जोरात वर उसळतं. वर येताना खोलातले झिंग्यासारखे बारीक जीव सोबत ओढून आणतं. गोड्या पाण्याच्या माऱ्याने ते निपचित होतात आणि किटिवेक कुरव त्यांना वरच्या वर टिपतात. भिंतीलगत पाणी नितळ वाटलं तरी पक्षी एका ठिकाणी घुटमळताहेत असं दिसलं, तर उसळी तिथेच आहे असं समजा.

हिमनदी मागे सरत जमिनीवर आली की हा पंप बंद पडतो. मग तिचं पाणी ओढ्यासारखं वरच्या वर समुद्राला मिळतं, खोलातलं काही उपसत नाही.

होडीतून बघायचं तर भिंतीपासून किमान २०० मीटर लांब राहा. कडा कोसळली तर लाट येते, आणि पाण्याखालचा तुकडा सुटला तर तो काहीही सूचना न देता खालून वर येतो. तरंगणाऱ्या हिमखंडाला होडी लावून फोटो काढणं हा शुद्ध आगाऊपणा आहे, कारण वितळताना त्याचा तोल बदलतो आणि तो उलटतो.

तिथले लोक डोक्यावर काठी धरून का चालतात? (मडगाव)

आर्क्टिक सुरय पक्ष्यामुळे. जेमतेम शंभर ग्रॅमचा हा पक्षी अंटार्क्टिकाच्या समुद्रावरून परत येऊन इथे जूनमध्ये रस्त्याकडेच्या खडीत एक ते तीन अंडी घालतो, बहुधा दोन. जवळून जाणाऱ्याच्या टाळूवर तो चोच मारतो, रक्त येईल इतकी. तो शरीराच्या सर्वांत उंच बिंदूवर झेपावतो, म्हणून काठी किंवा हात डोक्याच्या वर उभा धरायचा. काठी हलवायची नाही, फिरवायची तर मुळीच नाही. एका चालीने, आलेल्या वाटेनेच मागे फिरायचं.

लोक चुकतात ते इथे: घाबरून वाटेबाहेर पळतात आणि दुसऱ्याच जोडीच्या अंड्यांवर पाय देतात. ठिपक्यांची अंडी खडीत अक्षरशः दिसत नाहीत. दुसरी चूक फोटोसाठी रेंगाळण्याची. सुरय हवेत असेपर्यंत अंडी गारठतात आणि स्कुआ पक्षी ती उचलतो.

बार्नॅकल हंसही गावातच गवत खुडताना दिसतात. हिवाळ्यात ते इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या सॉलवे खाडीत असतात. १९४०च्या दशकात हा थवा तीनशेच्या आसपास उरला होता. शिकारबंदी झाली आणि आता ते हजारोंनी आहेत. जुलैच्या सुमारास पिसं गळून ते तीन-चार आठवडे उडू शकत नाहीत. तेव्हा त्यांना तळ्यापासून लांब हुसकावलं तर कोल्ह्याचं आयतंच फावतं.

पावसाने रेनडियर मरतात हे खरं का? (नागपूर)

खरं आहे, पण हिवाळ्यातल्या पावसाने. कोरडं हिम रेनडियर खुराने उकरतो आणि खालचं शेवाळ, वाळकं गवत खातो. हिमावर पाऊस पडून गोठला की जमिनीलगत बर्फाचा कडक थर बसतो आणि तो खुराने फुटत नाही. चारा काही सेंटिमीटरवर असूनही जनावर उपाशी मरतं. काही जण किनाऱ्यावर येऊन समुद्री शेवाळ चघळतात, पण ती वेळ मारून नेणं झालं.

या भागातले रेनडियर शिकारीने संपले होते. १९७८ मध्ये मूठभर जनावरं पुन्हा सोडली. १९९३ पर्यंत ती तीनशेच्या वर गेली आणि पुढच्याच हिवाळ्यात बर्फाच्या थराने कळप कोसळला. त्या हिवाळ्यात कोल्ह्यांची मेजवानी झाली असणार, कारण या मुलखात लेमिंगसारखे उंदीर नाहीत आणि कोल्हा हिवाळाभर मेलेल्या जनावरांवरच बराच अवलंबून असतो. ३० जानेवारी २०१२ ला गावात एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस पडला. कोकणात याची कोणी दखलही घेणार नाही, पण तिथे ऐन ध्रुवीय रात्रीत एवढं पाणी म्हणजे संकट.

घरांना कुलूप लावत नाहीत म्हणे? (कोल्हापूर)

हो. अस्वल दिसलं तर जवळच्या कुठल्याही दारातून आत शिरता यावं म्हणून. गावाबाहेर रायफल आणि अस्वलाला हुसकावण्यासाठी भडका उडवणारं पिस्तूल सोबत ठेवतात. गावात रायफल रिकामी असते. २०२५ पासूनच्या नियमांप्रमाणे अस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं.

झाडं आहेत का? मांजर नेता येतं का? (सातारा)

झाड म्हणायचं तर ध्रुवीय विलो, काही सेंटिमीटर उंच. खाली जमीन कायमची गोठलेली, मुळं जाणार कुठे? मांजर अजिबात नाही, पक्ष्यांसाठी स्वालबार्डभर बंदी आहे.

आम्हाला जाता येईल का? (ठाणे)

जहाजानेच. विमानाच्या जागा संशोधन आणि कामासाठी असतात, आणि पर्यटकांना गावात मुक्काम नाही. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांच्या, बाहेर आहे आणि वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जाते. म्हणून दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा घ्या. एका प्रवेशाचा घेतला तर परतताना अडकाल.

गावाच्या २० किलोमीटर परिसरात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, कारण तिथल्या अँटेना दूरच्या क्वासारांचे (आकाशगंगांच्या अतितेजस्वी केंद्रांचे) अतिक्षीण संकेत पकडतात. फोन विमान-मोडवर टाकून भागत नाही. घड्याळ, इअरफोन आणि कॅमेऱ्याचं ब्लूटूथ वेगळं बंद करा, हेच बहुतेकांचं राहून जातं. कॅमेरा जहाजात नेण्याआधी बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि आत आल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. नाहीतर दव लेन्सच्या आत धरतं आणि पुढच्या किनाऱ्यावर उतरेपर्यंत जात नाही.