चुंबकीय वादळात कणांना ऊर्जा देतं कोण?

सूर्याकडून आलेल्या आघाताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र डळमळतं, ते चुंबकीय वादळ. आधी एक गोष्ट मनात पक्की कर. चुंबकीय क्षेत्र कणाला फक्त वळवतं, त्याची ऊर्जा वाढवत नाही. क्षेत्र बदलू लागलं की फॅरेडेच्या नियमाने विद्युत क्षेत्र तयार होतं, आणि कणाला ढकलतं ते हे. हे उमजलं की अर्धी कोडी सुटतात.

मग वेळांचं गणित शीक, सगळी मजा तिथेच आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या ऊर्जावान कणांचे पट्टे असतात. त्यांतला १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवती साधारण दहा मिनिटांत फेरी मारतो. क्षेत्रातल्या मंद लहरींचे आवर्तनकालही काही मिनिटांचेच. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा, तसं जमून येतं आणि ऊर्जा चढत जाते. कोरस नावाच्या विद्युतचुंबकीय लहरी जलद, त्या क्षेत्ररेषेभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या गिरक्यांशी जुळतात.

अभ्यासाला २४ मार्च १९९१ घे. भारतात सकाळचे सव्वानऊ होत आले होते. सूर्याकडून आलेल्या आघाताने चुंबकावरण, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अवकाशातला प्रदेश, दाबलं गेलं आणि काही मिनिटांत अतिऊर्जावान इलेक्ट्रॉनांचा नवा पट्टाच तयार झाला! सीआरआरईएस हा कणांची मोजणी करणारा उपग्रह नेमका तिथे होता.

पण वादळ म्हणजे वाढच, असं धरू नकोस. १९८९ ते २००० मधल्या २७६ वादळांच्या पाहणीत जेमतेम निम्म्यांनंतर पट्ट्यांतले ऊर्जावान इलेक्ट्रॉन वाढले. साधारण एक चतुर्थांश वादळांत तर घटले.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी आहेत. एखाद्या वादळाचा आलेख मिळव आणि चुंबकावरण दाबलं गेल्याने सुरुवातीला दिसणारी उभी उडी पेन्सिलने मोज.