मुलीला नर्सिंगला जायचे आहे, पण गणिताची भीती वाटते

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीला नर्सिंगला जायचे आहे; परंतु शाळेत गणित तिला कधीच जमले नाही, आणि शिरेतून द्यायच्या औषधाची मात्रा चुकून आपल्या हातून रुग्णाला अपाय होईल या धास्तीने ती आता मागे फिरू पाहते आहे, असे आपण लिहिले आहे. तिची धास्ती मी क्षुल्लक मानत नाही. गोळीला पोटातून रक्तात उतरायला वेळ लागतो, पण शिरेतून दिलेले औषध तत्क्षणी रक्तात मिसळते आणि ते परत काढून घेता येत नाही.

तरीही हे गणित कोणते, ते आधी पाहावे. गुणाकार, भागाकार, गुणोत्तर आणि एककांचे रूपांतर एवढ्यावरच ते संपते. १००० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे असेल आणि सेटमधून, म्हणजे सलाईनच्या नळीतून, १ मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर १००० ला २० ने गुणून ४८० मिनिटांनी भागायचे. मिनिटाला साधारण ४२ थेंब येतात.

खरी कसोटी लागते ती वजनानुसार ठरणाऱ्या मात्रेत. समजा, ६० किलो वजनाच्या रुग्णाला डोपामिन हे रक्तदाब सावरणारे औषध दर किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचे आहे, आणि २५० मिलिलिटर द्रावात ४०० मिलिग्रॅम औषध मिसळलेले आहे. रुग्णाला मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला १८ मिलिग्रॅम लागतील; १ मिलिलिटरमध्ये १.६ मिलिग्रॅम औषध आहे. म्हणून १८ ला १.६ ने भागून इन्फ्यूजन पंपावर (ठरवलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्रावर) तासाला ११.२५ मिलिलिटर हा वेग लावायचा. यात मिनिटांचे तास करायचे राहिले तर औषध साठपट कमी जाते, आणि मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम वाचले गेले तर हजारपट जास्त. अशी चूक गणितात पहिल्या येणाऱ्या मुलांच्या हातूनही होते, कारण ती आकडेमोडीची नसून एककाकडे दुर्लक्ष केल्याची असते.

म्हणून या व्यवसायात हुशारीपेक्षा सवयींना मोल आहे. प्रत्येक पायरीवर एकक लिहायचे, ०.५ मधले आधीचे शून्य गाळायचे नाही, आणि ५ ला ५.० कधीच लिहायचे नाही, कारण टिंब नजरेआड झाले की तेच ५० वाचले जाते. हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध), इन्सुलिन यांसारख्या जोखमीच्या औषधांसाठी दुसऱ्या परिचारिकेने पहिलीचे उत्तर न पाहता स्वतंत्र हिशेब करावा, अशी पद्धत अनेक रुग्णालयांत असते. जिला आपली चूक होऊ शकते हे मनापासून पटलेले आहे, तीच ही पडताळणी टाळत नाही, आणि म्हणूनच आपल्या मुलीची भीती मला अपात्रतेची खूण वाटत नाही.

निर्णय घेण्याआधी तिला महिनाभर रोज अशी दोन उदाहरणे सोडवू द्यावीत. हिशेबाला बसण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज तिने लिहून ठेवावा, आणि तो व प्रत्यक्ष उत्तर यांत फार अंतर पडले तर उदाहरण पुन्हा पहिल्यापासून करावे. तिच्या वेगाकडे आपण पाहू नये. कोणी न सांगता ती मागे वळून तपासते का, एवढेच पाहावे. तपासण्याचाच तिला कंटाळा येत असेल, तर मात्र रुग्णाला औषध देण्याची जबाबदारी नसलेले क्षेत्र निवडावे, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

महिन्याअखेरीस तिचे कागद, चुकलेले आणि खोडलेले धरून, मला पाठवावेत. ती दशांश चिन्हात अडखळते, एककांत की प्रश्न वाचण्यात, हे त्यांवरून कळेल, आणि त्यानुसार पुढचा सराव ठरवता येईल.