माशाचे खवले आणि घरावरची कौलं एकसारखी रचलेली का असतात? माणसाने निसर्गाची नक्कल केली का?

कौलांच्या बाबतीत तरी मला नक्कल वाटत नाही. अडचण सारखी, म्हणून तोडही सारखी निघाली. झाकायचं आहे मोठं अंग आणि हाताशी आहेत छोटे तुकडे, म्हणजे सांधे राहणारच. मग प्रत्येक तुकडा वरच्या टोकाला धरून खालचं टोक पुढच्या तुकड्यावर मोकळं सोडायचं. खवलाही डोक्याकडून कातडीत रुतलेला आणि शेपटीकडे मोकळा असतो. मासा साफ करताना सुरी शेपटीकडून डोक्याकडे चालवतात ती त्यामुळेच. वादळात कौलं उडतात तीही खालच्या कडेतून वारा शिरला की.

आमच्या इंदुरात जुन्या घरांवर अजून कुठे कुठे देशी कवेलू, म्हणजे जुन्या पद्धतीची कौलं, दिसतात. नीट बघा: एक ओळ उताणी, पन्हाळीसारखी, आणि दोन उताण्यांमधल्या फटीवर पालथा कवेलू. रचायला सुरुवात वळचणीपासून, मग वर आढ्याकडे. उलटं केलंत तर पहिल्याच पावसात घरभर बादल्या! खिळे नाहीत, सगळं आपल्या वजनावर बसलेलं. म्हणून माकडांनी उड्या मारून चार फोडले तर तेवढे चारच बदलायचे.

उतार कमी असेल तर कवेलू एकमेकांवर जास्त चढवावे लागतात, कारण दोन कवेलूंच्या चिमटीत पाणी उलटं वरही सरकतं. मंगलोरी कौलाला कडेने खाचा असतात, त्यामुळे तिथे थोडक्यात भागतं. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली अशा कौलांचा कारखाना काढला. खाचेची युक्ती त्याआधीची, फ्रान्समधल्या झिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेली. ही कारखान्यातली अक्कल, माशाचा तिच्याशी संबंध नाही.

शिवाय खवला माशाबरोबर वाढतो. त्यावरच्या वलयांवरून वय काढतात. कवेलू बिचारा फक्त झिजतो.

नक्कलच बघायची तर चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, शंकूसारख्या फळाची बघा. जर्मन वास्तुविशारद आखिम मेंगेस यांनी २०१२ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटर या कलाकेंद्रासाठी लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची एक रचना केली. हवेतल्या दमटपणानुसार पापुद्रे आपोआप हलतात, मोटर वगैरे काही नाही. शंकूच्या पाकळीत दोन थर असतात. ओली झाली की बाहेरचा थर जास्त फुगतो आणि पाकळी आत वळते. कुणी सिमल्याहून आणलेला शंकू तुमच्या शोकेसमध्ये असेल तर पाण्यात टाकून ठेवा, हळूहळू मिटेल. वाळला की पुन्हा उघडतो, शोकेसचं नुकसान नाही.