'रुग्णवकिली' चालेल का?

नेरूळला एमएस्सी नर्सिंग करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या बालरोग विभागांतल्या परिचारिकांना 'पेशंट अ‍ॅडव्होकसी'बद्दल, म्हणजे परिचारिकेने रुग्णाच्या हितासाठी उभं राहण्याबद्दल, काय वाटतं, हे मोजायला त्या मराठी प्रश्नावली करताहेत. गाईडनी 'रुग्णवकिली' सुचवलंय. चालेल का?

माझं मत, नको. तसा 'वकील' घरंदाज शब्द. पेशव्यांचे दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे हे वकीलच. धन्याच्या वतीने दरबारात बोलायचं हे त्यांचं काम, म्हणजे नेमका हवा तो अर्थ. पण आज 'त्याची वकिली करू नकोस' म्हटलं की 'तो' चुकलाय हे ठरलेलंच असतं. 'तरफदारी'चं तेच. 'रदबदली'ला वशिल्याचा वास येतो. 'कैवार' प्रबंधाच्या नावात शोभेल, विधानांत नको. 'आली मोठी कैवार घेऊन' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं.

उरली 'बाजू'. ती घेतली तर पक्षपात, मांडली तर रास्त काम. पण मुलांच्या वॉर्डात कुणाची मांडायची? शीर सापडेना म्हणून तीनदा टोचून झालंय, पोर रडून लालबुंद. आई म्हणते, 'आता पुरे.' डॉक्टरांना अँटिबायोटिक शिरेतूनच द्यायचंय. सिस्टर म्हणतात, 'सर, जरा शांत होऊ दे त्याला, मग दुसरं कुणीतरी बघेल.' ही आईची बाजू नाही आणि डॉक्टरांचीही नाही. म्हणून 'रुग्णाची बाजू' असं मोघम न लिहिता सरळ 'मुलाच्या वतीने बोलणे' लिहा. नवी मुंबईत केरळहून आलेल्या सिस्टरही आहेत, त्यांनाही ते पहिल्या वाचनात कळेल.

अर्थात बोलणं हा एकच पदर झाला. रुग्णाचा स्वतःपुरतं ठरवण्याचा हक्क जपणं आणि उपचार सगळ्यांना न्यायाने मिळावेत म्हणून झटणं, हेही या कल्पनेत धरतात. तिन्हींना एका जोडशब्दात कोंबू नका, वेगवेगळी विधानं करा.

आता 'काय वाटतं' याचं. त्या 'अ‍ॅटिट्यूड'ला मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'अभिवृत्ती' आहे. प्रबंधात ठेवा. सिस्टरांच्या हातात जाणाऱ्या कागदावर 'तुमचं मत' पुरे. (बोली मराठीत 'तिला फार अ‍ॅटिट्यूड आहे' म्हणजे काय, ते सांगायला नकोच.)

शेवटी, शब्दाइतकंच वाक्याकडे बघा. मत मोजण्याची मानसशास्त्रज्ञ लिकर्ट यांची १९३२ सालची पद्धत वापरणार असाल, तर 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी उत्तरं येणार. तिथे 'डॉक्टरांच्या निर्णयावर सिस्टरने बोलू नये' असं विधान दिलंत की 'नये'ला 'असहमत' म्हणताना नाइट ड्युटी करून आलेली बाई हमखास गोंधळेल. उलट अर्थाचं विधान हवंच असेल तर नकार काढून टाका: 'डॉक्टरांच्या निर्णयावर सिस्टरने गप्प राहणंच बरं.'