गळ आणि गप्पा : खाऱ्या पाण्यात टिकेल अशी रील कुठली?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत रीलचेच प्रश्न जास्त आहेत. मासे पकडायची रील हां, इन्स्टाची नाही, हे आमच्या घरातल्या पोरांनाही दरवेळी सांगायला लागतं. एक प्रश्न सविस्तर घेतोय कारण थोड्याफार फरकाने तोच सगळ्यांचा आहे, बाकीचे दोन पटकन उरकू.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, रविवारी मित्रांबरोबर कधी दिवाळे गावच्या जेट्टीवर नाहीतर उरण-करंजा साइडला गळ टाकायला जातो. पहिली स्पिनिंग रील स्वस्तातली घेतलेली, ती सहा महिन्यांत जाम झाली, हँडल फिरवताना दळण दळल्यासारखा आवाज येतो. आता सात-आठ हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. ऑनलाइन एक बारा बेअरिंगवाली दिसतेय, अठरा किलो ड्रॅग लिहिलंय, दिसायला पण भारी आहे. घेऊ का? टार्गेट जिताडा आणि तांब, बाकी जे लागेल ते.

उत्तर : नका घेऊ. म्हणजे ती वाईटच आहे असं मी न बघता म्हणणार नाही, पण तुम्ही ज्या दोन आकड्यांवर भुललात ते दोन्ही आकडे टिकण्याशी काही संबंध नसलेले आहेत दादा.

बेअरिंगचं आधी. बारा बेअरिंग म्हणजे मीठ शिरायला बारा जागा, इतका साधा हिशोब आहे. चार-पाच चांगली, सीलवाली बेअरिंग असतील तर ती बारा साध्या बेअरिंगपेक्षा जास्त वर्षं चालतात, आणि त्यातलं एक जर लाईन रोलरमध्ये असेल तर बाकीची कितीही असूदेत. लाईन रोलर म्हणजे बेलच्या, म्हणजे दोरी पकडणाऱ्या कमानीसारख्या तारेच्या टोकाला जी छोटी चाकी असते, जिच्यावरून दोरी वळून स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकरीवर येते ती. ओली, खारी, गाळाची दोरी दर कास्टला, म्हणजे दरवेळी गळ फेकून ओढला की, तिच्यावरूनच जाते त्यामुळे रीलमधली पहिली मरणारी वस्तू बहुतेक वेळा तीच असते, आणि ती मेलेली कळत नाही कारण हँडल तर मस्त फिरत असतं.

माझंच सांगतो. दिवाळ्यालाच, उधाणाची भरती संपून पाणी फिरायला लागलेलं, जिवंत कोळंबी लावलेली, आणि बऱ्यापैकी मोठा जिताडा लागला. पहिली धाव घेतली तोवर ठीक, दुसऱ्या धावेला वर उडी मारून डोकं झटकलं आणि दोरी कटकन तुटली. मी लीडरला, म्हणजे गळाजवळ लावतात त्या जाड दोरीच्या तुकड्याला, शिव्या घातल्या, गाठीला घातल्या, बाजूला उभ्या असलेल्या मित्राला पण घातल्या. घरी येऊन रील हातात घेतली तेव्हा बघतो तर लाईन रोलर फिरतच नव्हता, मिठाने बसलेला, आणि ब्रेडेड म्हणजे धागे विणून केलेल्या लाईनने त्याच्यावर नखाने ओरखडल्यासारखी बारीक खाच पाडलेली. त्या खाचेतून दोरी दोन महिने घासली जात होती आणि मी नवीन दोरी, महागाचा लीडर यात पैसे घालत बसलो होतो. त्या जेट्टीवर एक म्हातारे कोळी काका असतात, बिसलेरीच्या बाटलीला दोरी गुंडाळून नुसत्या हाताने मासे काढतात, ते त्या दिवशी एवढंच बोलले, "तुजे मशीनला मीठ लागतंय, माजे बोटांना नाय." यावर मी काय बोलणार.

आता ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढायला लागला की दोरी सुटू द्यायची तो स्पूलचा ब्रेक. अठरा किलो ड्रॅग तुम्हाला कशाला हवाय? तुम्ही वीस पाउंडाची ब्रेडेड लाईन लावणार, म्हणजे साधारण नऊ किलोला तुटणारी. ड्रॅग लावायचा तिच्या पाव हिस्सा, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास, फार तर तीन. घरात मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा असेल तर दोरी त्याला बांधून ओढून बघा, सव्वादोनवर स्पूल सुटायला पाहिजे. एकदा हे केलंत की कळेल खोक्यावरचा अठराचा आकडा तुमच्या कधीच कामाला येणार नाही. कामाला येतं ते हे की ड्रॅग सुटताना एकसारखा सुटतो का धक्के देत सुटतो, आणि त्यासाठी ड्रॅगच्या आतले वॉशर, म्हणजे घासणाऱ्या चकत्या, कार्बनचे आहेत का फेल्टचे (दाबलेल्या जाड कापडाचे) हे विचारा. फेल्टचे वॉशर कोरडे आणि नीट ग्रीस लावलेले असताना चांगलेच चालतात पण त्यात खारं पाणी गेलं आणि रील तशीच पडून राहिली की चिकटतात. कार्बन त्या मानाने निवांत असतात.

मग बघायचं काय? बॉडी. इथे सगळे सांगतात मेटल घ्या, मी पण मेटलच सांगेन पण कारण वेगळं आहे. ग्राफाइटची बॉडी गंजत नाही, उलट अल्युमिनियमच मिठाने खराब होतं. पण ग्राफाइट जोर आला की किंचित वाकते, आणि बॉडी वाकली की आतले गिअर एकमेकांत नीट बसत नाहीत, दाते झिजतात, आणि मग तुम्ही म्हणता तो दळणाचा आवाज. शिमानोची सिएन्ना ग्राफाइटची आहे, बोय-काळुंदर असल्या छोट्या माशांसाठी छान रील आहे, मी स्वतः वापरतो, पण जिताड्याला ती लावून मेहनत करायला लावणं बरोबर नाही. मेटलमध्ये डायवाची बीजी आणि पेनची बॅटल ३ या दोन रील्स या कामाला लोक वर्षानुवर्षं वापरतायत, दोन्ही आतून साध्या आहेत, दोन्हीचे पार्ट कुठला नंबर काय हे कागदावर छापलेलं मिळतं. किमती वरखाली होत असतात, तुमच्या बजेटमध्ये कुठली बसते ते बघा, हजारभर इकडेतिकडे झाले तर होऊद्या.

सील्ड, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून आतून बंद केलेल्या रीलबद्दल पण विचाराल म्हणून सांगून ठेवतो. पेनची स्पिनफिशर ६ आयपीएक्स ५ वाली आहे, बजेटच्या वर जाईल बहुतेक. आयपीएक्स ५ चा अर्थ असा की सगळ्या बाजूंनी पाण्याचा फवारा मारला तरी आत नुकसान होईल इतकं पाणी जात नाही. पाण्यात बुडवली तर काय होईल याची ती चाचणीच नाही, त्याचे आकडे ७ आणि ८. त्यामुळे उरणच्या खडकांवर लाटा अंगावर घेत उभे राहणार असाल तर सील्डला पैसे घाला, जेट्टीवरून टाकणार असाल तर तेच पैसे दोरीत आणि लीडरमध्ये घाला. आणि सीलची एक गंमत अशी की ते पाणी आत जाऊ देत नाही तसं एकदा गेलेलं बाहेरही येऊ देत नाही.

माझ्या मते टिकाऊ रील म्हणजे जी तुम्ही स्वतः उघडू शकता ती. दुकानात गेलात की विचारा, साइड प्लेट किती स्क्रूंवर आहे, लाईन रोलर एका स्क्रूवर निघतो का, त्याचं बेअरिंग सुटं मिळतं का. दुकानदार "त्याची गरजच पडत नाही साहेब" म्हणाला की दुसरी दाखवायला सांगा. हँडल शाफ्टमध्ये थेट आटे फिरून बसणारं असेल तर ते घ्या, आरपार षटकोनी दांडी घालून दुसऱ्या बाजूने बोल्ट मारायचा प्रकार असतो त्यात थोड्याच दिवसांत खडखड येते. हँडल उलटं झटकून बघा, किती मागे जातं ते, जवळजवळ जायलाच नको. आणि रोलरवरून दोरी घालून दोन्ही हातांनी ताणून मागेपुढे ओढा, चाकी दोरीबरोबर फिरली पाहिजे. नुसतं हँडल गरागरा फिरवून "काय स्मूथ आहे" म्हणू नका, दुकानात सगळ्याच स्मूथ असतात.

रीलचा साइज चार हजार, हा साइजचा नंबर आहे, किंमत नाही. पाच हजारही चालेल पण दिवसभर कास्ट करून मनगट दुखेल.

नवीन रील आणली की पहिल्या दिवशी, वापरायच्या आधी, बाहेरचा एकेक स्क्रू काढून आट्यांना किंचित ग्रीस लावून परत बसवा. अल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच झाली, त्यात अल्युमिनियम आधी खाल्लं जातं, स्क्रूभोवती पांढरी पावडर दिसायला लागते आणि वर्षाने तो स्क्रू निघत नाही, डोकं तुटून हातात येतं. माझ्या जुन्या रीलचा तसाच आलेला, ओट्यावर लोकसत्ता पसरून बसलो होतो, बायको म्हणाली आता पोळ्या कुठे लाटू.

तुमची जुनी रील पण फेकू नका, उघडा, शिकायला तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. आणि ऐरोलीत राहता म्हणून एक, ऐरोली आणि वाशी पुलांमधल्या खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा पण मिळाला, तेव्हा घराजवळ पडतं म्हणून तिथल्या तिवरांत घुसून गळ टाकू नका. दिवाळं काय लांब नाहीये.

प्रश्न : ठाण्यात कोलशेतला राहतो. खाडीवरून आलो की रील बादलीत बुडवून ठेवतो, मग नळाखाली जोरात धुतो आणि सगळीकडे डब्ल्यूडी-४० मारतो. तरी रील हँडलला मागे सटकते. काय चुकतंय?

उत्तर : तिन्ही चुकतंय, पण मन लावून करताय हे आवडलं. बादलीत बुडवली की मीठ विरघळून पाण्याबरोबर आत जातं, जोरात नळ सोडला की तेच धक्क्याने आत ढकललं जातं. आधी ड्रॅग पूर्ण घट्ट करा म्हणजे वॉशरमध्ये पाणी उतरणार नाही, मग झाडांना मारायचा स्प्रेपंप घ्या आणि गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा, हँडल फिरवत राहा, रोलरवर दोन फवारे जास्त. झटका, पुसा, ड्रॅग सैल सोडा, आणि ओल्या बॅगेत न कोंबता पंख्याखाली रात्रभर ठेवा. डब्ल्यूडी-४० पातळ असतं, आतलं ग्रीस धुऊन काढतं, ते ड्रॅगजवळ आणि आत अजिबात नको.

हँडल मागे सटकतंय त्याचं कारण बहुतेक आतला वन-वे क्लच, म्हणजे हँडल एकाच दिशेला फिरू देणारा भाग आहे. त्यात बारीक रोलर असतात, ते कोरड्यासारखे पाहिजेत, त्यांच्यावर ग्रीस किंवा जास्त तेल आलं की घसरतात. स्प्रेने वितळलेलं ग्रीस तिथे वाहून गेलं असणार. क्लच काढून साफ करून पातळ तेलाचा एकच थेंब, बस. पावसाळ्यात जमलं तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, चपलांच्या खोक्यातल्या चालतात.

प्रश्न : नवऱ्याला वाढदिवसाला रील द्यायचीय, सरप्राइज. मला यातलं काही कळत नाही. नेरुळहून लिहितेय. ते सारसोळे जेट्टीवर जातात.

उत्तर : ताई, घरातला त्यांचा रॉड जरा बघा, मुठीच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात लाईन आणि लुअरचे (नकली आमिषाचे) आकडे लिहिलेले असतात, त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा. नाहीतर रॉड आठ फुटांचा आणि रील हातपंपाएवढी असं होतं. ते बारीक मासे आणतात का मोठे हे पण सांगा, तुम्हाला माहीतच असेल कारण साफ तुम्हीच करत असाल, नसाल तर फार छान. बोय, शिंगाळा असं काही असेल तर अडीच-तीन हजार साइजची पुरे, जिताड्याच्या गोष्टी सांगत असतील तर चार हजारची. हँडल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बसतं त्यामुळे ती काळजी नको. बिल जपून ठेवा, पार्ट मागवताना लागतं. आणि झाडांना पाणी मारायचा तुमचा स्प्रेपंप असेल तर आत्ताच दुसरा घेऊन ठेवा, वरचं उत्तर त्यांनी वाचलं की पहिला गेलाच.