स्वस्त पिस्तूल पुरेसे असते का?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो. आमचे किराणा मालाचे छोटे दुकान आहे आणि ते बंद करून घरी यायला रात्री उशीर होतो. विचारांती घरात एक पिस्तूल ठेवायचे असे आम्ही पती-पत्नींनी ठरवले आहे. विक्रेत्याने हाय-पॉइंट कंपनीचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल दोनशे डॉलरच्या आसपास आणि टॉरस कंपनीचे जी-३-सी हे पिस्तूल तीनशेच्या आत दाखवले. माझे मेहुणे मात्र “घ्यायचे तर ग्लॉकच घ्या, बाकी सगळे भंगार आहे” या मतावर ठाम आहेत आणि ग्लॉकला पाचशेहून अधिक डॉलर मोजावे लागतात. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. स्वस्त पिस्तुलावर भरवसा ठेवावा का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : पिस्तुलाच्या आधी एका कायदेशीर बाबीची खात्री करून घ्यावी. अमेरिकेत ग्रीन कार्डधारकाला बंदूक विकत घेता येते. परंतु एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास तेथील केंद्रीय कायद्याने मनाई आहे. घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याकडे व्हिसा अशी स्थिती असेल, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, आज बाजारात असलेली काही स्वस्त पिस्तुले घरातील वापरासाठी पुरेशी आहेत, मात्र ती कोणती हे किमतीवरूनही कळत नाही आणि नावावरूनही कळत नाही. पिस्तुलाकडून मुख्यतः दोन अपेक्षा असतात : चाप ओढला की ते उडावे आणि चाप ओढलेला नसताना ते कदापि उडू नये. दुकानात आणि मित्रमंडळींत चर्चा होते ती पहिल्या अपेक्षेची. लहान मूल असलेल्या घरात दुसरी अपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे, आणि स्वस्त पिस्तुलांचा जुना इतिहास मुख्यतः तेथेच डागाळलेला आहे.

हा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या मेहुण्यांच्या मताचे मूळ त्यात आहे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने परदेशी बनावटीच्या लहान, हलक्या प्रतीच्या पिस्तुलांची आयात रोखली. देशांतर्गत उत्पादनाला मात्र ते निकष लागू केले नाहीत. ती पोकळी लॉस एंजेलिस परिसरातील रेव्हन, जेनिंग्ज, ब्रायको, लॉर्सिन, डेव्हिस अशा कंपन्यांनी भरून काढली. ओतीव जस्ताच्या मिश्रधातूची ही पिस्तुले अतिशय कमी किमतीत मिळत. ब्रायकोच्या एका पिस्तुलाची रचना अशी होती की चेंबरमधील, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात झाडण्यास सज्ज असलेले, काडतूस बाहेर काढायचे असेल, तर आधी सुरक्षेचा खटका उघडावा लागे. म्हणजे पिस्तूल रिकामे करण्याच्या क्षणीच ते उडण्यास मोकळे होई. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात एक परिचित व्यक्ती असेच पिस्तूल रिकामे करू पाहत असताना ते उडाले आणि सात वर्षांच्या मुलाला कायमचा पक्षाघात झाला. २००३ मध्ये ज्यूरीने कंपनी आणि तिच्याशी संबंधित लोकांवर सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरची जबाबदारी टाकली आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. “स्वस्त ते भंगार” हे मत अशा घटनांतून तयार झाले आहे आणि त्या काळापुरते ते रास्तही होते.

हाय-पॉइंटचे पिस्तूल त्या जातीचे नाही, जरी त्याची स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, जस्ताच्याच मिश्रधातूची असली तरी. ओहायो राज्यातील मॅन्सफिल्ड येथे ते बनते. बहुतेक ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांत गोळी सुटण्याच्या क्षणी नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दाब उतरल्यावर सुटतात. हाय-पॉइंटमध्ये अशी अडकण नाही. केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांच्या बळावर ती काही क्षण मागे येण्यापासून रोखली जाते. यंत्रणा साधी असल्यामुळे किंमत उतरते, पण त्यासाठी स्लाइड जाडजूड ठेवावी लागते. हाय-पॉइंटचे सी-९ हे पिस्तूल रिकामे असतानाच सुमारे ८२० ग्रॅम भरते, तर त्याच काडतुसाचे ग्लॉक-१९ सुमारे ६०० ग्रॅमचे आहे आणि त्यात जवळजवळ दुप्पट काडतुसे मावतात. हाय-पॉइंट उघडून साफ करायचे असेल, तर हातोडी आणि पंच घेऊन एक पिन ठोकून काढावी लागते, त्यामुळे पुष्कळ मालक ते साफ करण्याची टाळाटाळ करतात. काडतूस अडकण्याच्या तक्रारी बहुधा मॅगझिनच्या (मुठीत बसणाऱ्या, काडतुसे भरण्याच्या डबीच्या) वरच्या कडांपाशी येऊन थांबतात; त्या कडा किंचित वाकल्या तरी काडतूस चेंबरकडे तिरके जाते. कंपनी आजीवन हमी देते आणि पिस्तूल पहिल्या मालकाकडे आहे की तिसऱ्या, हे विचारत नाही. एवढे सगळे पाहता, उशापासच्या कुलूपबंद पेटीत ठेवण्यासाठी ते चालेल, असे माझे मत आहे. मात्र आपल्या पत्नीने दुकानातच ती स्लाइड स्वतः मागे ओढून पाहावी. ती त्यांना सहज ओढता येत नसेल, तर ते पिस्तूल त्यांच्या उपयोगाचे नाही आणि मग किमतीचा विचार गौण ठरतो.

टॉरस ही १९३९ मध्ये स्थापन झालेली ब्राझीलची कंपनी आहे आणि तिच्याविषयी लोक एकतर शपथेवर चांगले बोलतात किंवा वाईट. २०१३ मध्ये आयोवातील एका पोलीस अधिकाऱ्याचे टॉरस पिस्तूल संशयिताचा पाठलाग करताना म्यानातून निसटून जमिनीवर पडले आणि उडाले. त्यावरून झालेल्या दाव्यात २०१५ मध्ये तडजोड झाली. तिच्या कक्षेत नऊ मॉडेल आणि सुमारे दहा लाख पिस्तुले आली. आपल्याला दाखवलेले जी-३-सी हे त्या नऊ मॉडेलांपैकी नाही. ती नंतरची रचना आहे. परंतु नात्यातले किंवा ओळखीतले कोणी जुने टॉरस शंभर-दीडशे डॉलरला देऊ करत असेल, तर ते त्या यादीतील आहे का, हे पाहिल्यावाचून हातही लावू नये.

आता महाग नावांकडे वळू. अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये सिग साउअरच्या पी-३२० या पिस्तुलावर आधारित नमुना निवडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे उघड झाले की, नागरिकांना विकलेले पी-३२० एका विशिष्ट कोनात पडले तर उडू शकते. कंपनीने चाप आणि त्याला जोडलेले भाग विनामूल्य बदलून देण्याची व्यवस्था केली. किंमत टॉरसच्या दुपटीहून अधिक, लष्कराची पसंती पाठीशी, आणि दोष मात्र तोच. ग्लॉकलाही २०११ मध्ये चौथ्या पिढीच्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा बदलून द्याव्या लागल्या होत्या.

येथे एक गोष्ट भारतातून गेलेल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. अमेरिकेत पंख्यापासून पाळण्यापर्यंत असंख्य वस्तूंवर देखरेख ठेवणारा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आहे, पण १९७२ च्या त्याच्या मूळ कायद्यातूनच बंदुका वगळलेल्या आहेत. त्यामुळे सदोष पिस्तूल परत बोलवा, असा आदेश तो आयोग कंपनीला देऊ शकत नाही. कंपनी स्वतःहून बोलावते किंवा न्यायालयात खेचली गेल्यावर बोलावते. मला ही उणीव गंभीर वाटते, कारण तपासणीचा भार त्यामुळे ग्राहकावर येऊन पडतो.

तो भार उचलायला एक चांगले मोजमाप उपलब्ध आहे. कॅलिफोर्निया राज्यात विक्रीस परवानगी मिळवण्यासाठी पिस्तुलाच्या प्रत्येक मॉडेलचे तीन नग प्रयोगशाळेत जातात. प्रत्येकातून ६०० गोळ्या झाडल्या जातात, पहिल्या २० गोळ्यांत एकही अडथळा चालत नाही आणि एकूण सहापेक्षा अधिक अडथळे चालत नाहीत. शिवाय मीटरभर उंचीवरून पाडण्याची चाचणी होते. आपण पाडण्याची चाचणी घरी मुळीच करू नये. ते प्रयोगशाळेचे काम आहे आणि त्यासाठी त्या मॉडेलचा नोंदलेला इतिहासच पाहावा. गोळ्या झाडण्याचा भाग मात्र रेंजवर प्रशिक्षकासमवेत करता येतो. किमान दोनशे गोळ्या झाडाव्यात, त्यांपैकी पन्नास तरी घरी ठेवणार त्याच काडतुसाच्या असाव्यात, आणि प्रत्येक अडथळा कोणत्या मॅगझिनने झाला हे लिहून ठेवावे. अडथळे एकाच मॅगझिनपाशी होत असतील, तर मॅगझिन बदलावे. दोन्हींपाशी होत असतील, तर पिस्तूल कंपनीकडे पाठवावे आणि परत आल्यावर पुन्हा तेवढ्याच गोळ्या झाडाव्यात.

आपल्या जागी मी असतो, तर आणखी एक पर्याय पाहिला असता. पोलीस खाती ठरावीक काळाने पिस्तुले बदलतात आणि जुनी विक्रेत्यांमार्फत बाजारात येतात. त्यांच्या स्लाइडचा रंग म्यानात घासून गेलेला असतो, पण आतून ती पुष्कळदा कमीच वापरलेली असतात. अशी ग्लॉक किंवा स्मिथ अँड वेसन नव्या टॉरसहून थोड्या अधिक किमतीत मिळतात.

काहीही घेतले तरी वाचलेले पैसे सर्वात आधी चांगल्या, भिंतीला किंवा पलंगाला पक्क्या केलेल्या कुलूपबंद पेटीवर खर्च करावेत. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशा रीतीने ती ठेवणे हा गुन्हा आहे. आपली मुलगी नऊ वर्षांची आहे. पेटीची जागा आणि किल्लीची जागा पिस्तूल घरी येण्याच्या आदल्या दिवशी ठरलेली असावी.

प्रश्न : मी ओहायोत एका कारखान्यात काम करतो. माझे सहकारी बंदुकांच्या कंपन्यांवरून असे हमरीतुमरीवर येतात की जणू घराण्याची अब्रू पणाला लागली आहे. या निष्ठेला काही आधार असतो का?
— एक वाचक, कोलंबस

उत्तर : काही अंशी असतो. एका कंपनीच्या पिस्तुलाची मूठ, चापाचा ताण, खटक्यांच्या जागा हाताला सवयीच्या झाल्या की नवे पिस्तूल परके वाटते. म्यान आणि जादा मॅगझिन आधीच घेतलेली असतात. आणि ग्लॉक-१७ चे मॅगझिन लहान ग्लॉक-१९ मध्येही चालते, ही खरी सोय आहे. याखेरीज उरलेला भाग मात्र स्वतःच्या निर्णयाचे समर्थन असतो. वर्षाकाठी एक डबी काडतुसे झाडणारा मालकही “माझे कधीच अडकले नाही” असे प्रामाणिकपणे सांगतो, पण पन्नास गोळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. ही निष्ठा महागड्या नावांपुरती नसते, हेही लक्षात घ्यावे. हाय-पॉइंटने २०१९ मध्ये नव्या पिस्तुलासाठी नावे मागवली, तेव्हा चाहत्यांनी ‘यीट कॅनन’ हे थट्टेचे नाव इतक्या उत्साहाने पुढे रेटले की कंपनीने अखेर त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पिस्तुलाचे नाव वायसी-९ ठेवले. कमी पैशांत काम भागवल्याचा अभिमान त्यांना एकत्र आणतो.

निष्ठा आणि दर्जा यांचा संबंध किती सैल आहे, याचे सर्वात बोलके उदाहरण स्मिथ अँड वेसनचे आहे. १८५२ पासूनची ही कंपनी १९८७ मध्ये टॉमकिन्स या ब्रिटिश उद्योगसमूहाने ११ कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतली. मार्च २००० मध्ये कंपनीने क्लिंटन सरकारशी करार करून बंदुकांना कुलपे देणे, विक्रेत्यांवर अटी घालणे अशा गोष्टी मान्य केल्या. ग्राहकांनी संतापून बहिष्कार टाकला, विक्री कोसळली आणि २००१ मध्ये ती अवघ्या दीड कोटी डॉलरला विकली गेली. या काळात तिच्या रिव्हॉल्व्हरांच्या पोलादात किंवा घडणीत काहीही बिघाड झाला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ग्राहकांनी पाठ फिरवली ती राजकारणासाठी. सहकाऱ्यांचे मत विचारायचेच असेल, तर त्यांना कंपनी विचारू नये. किती गोळ्या झाडल्या, काय मोडले आणि दुरुस्तीला किती दिवस लागले, एवढेच विचारावे. उत्तरे देताना आवाज आपोआप खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमची वस्ती गावापासून दूर आहे आणि मला नुकताच शस्त्र परवाना मिळाला आहे. चुलते त्यांच्याकडचे जुने विलायती वेब्ली रिव्हॉल्व्हर मला देण्यास तयार आहेत. ओळखीचे लोक म्हणतात, कानपूरच्या सरकारी कारखान्याचे नवे घेण्यापेक्षा जुने विलायती केव्हाही सरस. आपले मत काय?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : भारतात जुन्या विलायती शस्त्रांना जी किंमत येते, तिचे मुख्य कारण टंचाई आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी आयात जवळजवळ बंद झाली आणि आधी आलेली शस्त्रेच फिरत राहिली. नवे कानपुरी शस्त्रही अमेरिकेच्या मापाने स्वस्त नाही. २०१४ मध्ये आलेल्या ‘निर्भीक’ या रिव्हॉल्व्हरची किंमत १ लाख २२ हजार रुपयांच्या वर होती.

कानपूरचे नेहमीचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच धर्तीचे, मधून दुमडून उघडणारे आहे. या रचनेत नळी आणि मूठ यांना जोडणारा वरचा खटका झिजतो. बंद केलेले रिव्हॉल्व्हर हातात घेऊन नळी हलवून पाहिली आणि सांध्यात खुळखुळ जाणवली, तर ते कितीही नामांकित असो, वापरू नये. चुलत्यांच्या रिव्हॉल्व्हरबाबत ही तपासणी परवानाधारक विक्रेत्याकडील कारागिराकडून करून घ्यावी आणि नळीवर प्रूफचा, म्हणजे दाबाची चाचणी झाल्याचा, शिक्का आहे का, तेही पाहावे. त्याआधी त्याचा बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचे माप, नक्की करावा, कारण वेब्लीची .३८ बोअरची रिव्हॉल्व्हरेही पुष्कळ आहेत आणि तो बोअर सर्वसाधारण परवान्यात बसत नाही. .३२ असले तरी रिव्हॉल्व्हरचे काडतूस आणि ‘अशनी’सारख्या .३२ पिस्तुलाचे काडतूस निराळे असते. परवान्यावर आणि खरेदीच्या नोंदीत योग्य प्रकार लिहिला गेला पाहिजे.

नव्यांपैकी, २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने आणलेल्या ‘प्रबल’चा आपण विचार करावा. त्याचा गोळ्यांचा दंडगोल बाजूला उघडतो आणि वरची चौकट अखंड असते, त्यामुळे सांधा सैल होण्याचा प्रश्न येत नाही. सुटे भाग आणि दुरुस्ती मिळण्याची शक्यताही जुन्या वेब्लीपेक्षा अधिक आहे. आपल्या जागी मी तेच घेतले असते. चुलत्यांचे रिव्हॉल्व्हर घ्यायचेच ठरले, तर परस्पर देवाणघेवाण करू नये. ते आपल्या परवान्यावर नोंदले जाईपर्यंत चुलत्यांकडेच राहावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही दोघांनी विचारात घ्यावे.