स्पॅनिश, इंग्रजी, चिनी : क्रम एकच, वाक्यं मात्र तीन तऱ्हांची

प्रश्न थोडक्यात असा आहे : पुस्तकात या तिन्ही भाषा ‘कर्ता-क्रियापद-कर्म’ या एकाच गटात दाखवल्या आहेत आणि मराठी ‘कर्ता-कर्म-क्रियापद’ गटात. मग इंग्रजी पक्कं असेल तर नुसते शब्द बदलून स्पॅनिश आणि चिनी वाक्यं करता येतील का? आणि मराठी बाजूला ठेवलेली बरी का?

पहिल्या चार-दोन धड्यांपुरतं शब्द बदलून भागतं. ‘मी चहा पितो’ हे वाक्य तिन्हींत ‘मी पितो चहा’ असंच होतं. पुढे मात्र गाडी अडते, आणि मराठी बाजूला ठेवणं हा तर सरळ तोट्याचा व्यवहार आहे. (चिनी म्हणजे इथे मँडरिन. उच्चार कानाला लागतात तसे देवनागरीत लिहितेय, सूर म्हणजे आवाजाचे चढउतार गाळलेत.)

कोणी कोणाला काय केलं हे ऐकणाऱ्याला कशावरून कळतं, ते आधी बघा. इंग्रजीत ते बहुतेक जागेवरूनच कळतं. ‘द डॉग बिट द मॅन’मधली दोन नामं अदलाबदल केली की चावणारा बदलतो. आपल्याकडे ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हणा की ‘माणसाला कुत्रा चावला’, ‘ला’ जागेवर आहे तोवर दात कुत्र्याचेच. जुन्या इंग्रजीतही असे विभक्तिप्रत्यय होते. ते झिजत गेले तसा शब्दांचा क्रम घट्ट होत गेला. म्हणूनच पाऊस पडतो तेव्हा इंग्रजीला कर्त्याच्या जागी ‘इट’ बसवावा लागतो, आणि प्रश्न विचारायला ‘डू’ आणावा लागतो. हा खटाटोप ना स्पॅनिशला करावा लागतो, ना चिनीला.

स्पॅनिशमध्ये कर्ता क्रियापदाच्या शेपटीत असतो. ‘बोलणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळात सहा रूपं : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. ‘आब्लो’ म्हटलं की ‘मी’ त्यात आलाच, जसा ‘जेवलो’मध्ये येतो. त्यामुळे कर्ता गाळता येतो, किंवा मागे नेता येतो. फोन कोणाचा आला असं विचारलं तर उत्तर ‘यामो ख्वान’, म्हणजे शब्दशः ‘केला ख्वाननं’. जी माहिती नवी, ती वाक्याच्या शेवटी. इंग्रजी माणूस क्रम तोच ठेवून नुसता नावावर जोर देतो.

आता जरा थांबून बघायच्या गोष्टी. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. कॉफी एक आहे म्हणून ‘गुस्ता’, आंबे अनेक म्हणून ‘गुस्तान’. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं आणि ज्याला आवडतं तो ‘मला’ होऊन बसतो. इंग्रजीतून लिहिलेली स्पॅनिशची पुस्तकं हे समजावायला पानंच्या पानं खर्च करतात. तुम्ही ती पानं उलटलीत तरी चालेल.

ग्लास पडला तर स्पॅनिश माणूस म्हणतो ‘से मे कायो एल बासो’. इंग्रजीत हे ‘मी ग्लास पाडला’ असं होऊन दोष अंगावर येतो. आपलं ‘माझ्या हातून ग्लास पडला’ मात्र थेट त्याच वळणाचं आहे.

मला सगळ्यात मौज वाटते ती कर्मापुढच्या ‘आ’ची. ‘बेओ ला कासा’ म्हणजे ‘मी घर बघतो’, पण ‘बेओ आ मारिया’ म्हणजे ‘मी मारियाला बघतो’. घराला ‘आ’ नाही, मारियाला आहे. आपण तरी कुठे ‘घराला बघतो’ म्हणतो? एवढंच काय, कोणी का असेना पण डॉक्टर हवा असेल तर ‘बुस्को उन मेदिको’, म्हणजे ‘डॉक्टर शोधतोय’. ठरावीक डॉक्टर हवे असतील तर ‘बुस्को अल मेदिको’, म्हणजे ‘डॉक्टरांना शोधतोय’. या ‘अल’मध्ये तो ‘आ’च दडलाय. माणूस आहे का आणि ठरावीक आहे का, या दोन्ही कसोट्या दोन्ही भाषा लावतात. दोघींत काही नातंच नाही असं नव्हे. दोघी इंडो-युरोपीय कुळातल्याच आहेत. पण ही सवय दोघींनी आपापली स्वतंत्रपणे लावून घेतली आहे.

सर्वनामांचंही तसंच. ‘ते लो दिगो’ : ‘तुला ते सांगतो’. क्रमसुद्धा तोच. कर्म नाम असेल तर क्रियापदामागून, आणि छोटं सर्वनाम असेल तर क्रियापदाच्या आधी. आज्ञार्थात मात्र ते मागे चिकटतं : ‘दीमेलो’, म्हणजे ‘सांग मला ते’. तेव्हा ‘स्पॅनिश कर्ता-क्रियापद-कर्म’ या लेबलाला इथेच पहिला तडा जातो.

चिनीकडे वळलं की शेपट्याच संपतात. क्रियापदाला ना पुरुष, ना वचन, ना काळ. नामाला ना लिंग, ना विभक्ती. म्हणून लोकांना वाटतं की ही इंग्रजीपेक्षाही इंग्रजी असणार, सगळं जागेवर अवलंबून. पण 1976 साली चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलं की चिनी वाक्य कर्त्यापेक्षा विषयावर उभं राहतं : आधी कशाबद्दल बोलायचं ते सांगा, मग त्याबद्दल काय ते बोला. नेहमीचं उदाहरण ‘ता-श्यांग पीत्सऽ छांग’, शब्दशः ‘हत्ती, सोंड लांब’. इथे ‘चा-ची-चे’ लागत नाही. आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असेल ते सरळ गाळायचं. क्रियापदावर खूण नसली तरी संदर्भावर काम भागतं.

जागेचं काम इथे निराळंच आहे. ‘खऽरन लाय लऽ’ म्हणजे ज्यांची वाट बघत होतो ते पाहुणे आले. ‘लाय खऽरन लऽ’, क्रियापद आधी, म्हणजे न सांगता कोणीतरी पाहुणे टपकले. इंग्रजी जे काम ‘द’ आणि ‘अ’कडून करून घेते, ते चिनी क्रियापदाच्या अलीकडे-पलीकडे ठेवून करते. पावसाचंही म्हणूनच ‘श्या यू लऽ’ : पडला पाऊस.

1963 साली भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 30 भाषा समोर ठेवून क्रमांची जी मांडणी केली, तिचा मुद्दा असा होता की क्रियापद-कर्माचा क्रम कळला की बाकीच्या रचनेचाही बराच अंदाज बांधता येतो. इंग्रजी आणि स्पॅनिश त्या अंदाजात बऱ्यापैकी बसतात. (बऱ्यापैकीच, स्पॅनिश विशेषण बहुधा नामामागे जातं, इंग्रजी पुढेच राहतं.) चिनी बसत नाही. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये ‘पुस्तक जे मी घेतलं काल’ असं उलटतं. चिनीत : ‘वो त्स्वोथ्येन माय तऽ शू’. मी, काल, घेत, लेलं, पुस्तक. क्रियापद कर्माच्या आधी ठेवणाऱ्या भाषांत नामाचं अख्खं विशेषणवाक्य नामाच्या आधी येणं जगात फार विरळ आहे, आणि चिनी हे त्याचं ठळक उदाहरण. वेळ आणि स्थळही क्रियापदाच्या आधीच. प्रश्नात ‘काय’ उचलून वाक्याच्या तोंडाशी न्यावं लागत नाही, आणि हो-नाहीच्या प्रश्नाला शेवटी ‘मा’ लावला की झालं, आपल्या ‘का’सारखा : ‘नी हऽ छा मा?’, चहा पितोस का?

मराठी फसवते त्या जागाही सांगते. चिनीत विशेषणाला ‘आहे’ जोडायची सवय सोडा. ‘तो उंच आहे’ला ‘था हन काओ’, शब्दशः ‘तो खूप उंच’, त्यात ‘श’ हा ‘आहे’वाला शब्द घालायचा नाही. ‘नाही’ स्पॅनिश आणि चिनी दोन्हींत क्रियापदाच्या आधी येतं. वरच्या वाक्यांतला ‘लऽ’ भूतकाळाचा प्रत्यय समजू नका. काम झालं किंवा परिस्थिती बदलली, एवढंच तो सांगतो, उद्याच्या गोष्टीलाही लागतो. स्पॅनिशमध्ये मोठं वाक्य आलं की आपली माणसं नकळत क्रियापद शेवटाला ढकलतात. तेवढं सांभाळा.

दोन्हींतली आधी कोणती, असंही विचारलंय. नुसती वाक्यरचना बघायची तर चिनीत लवकर लांब वाक्यं बोलता येतील. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचे महिने क्रियापदांच्या रूपांत जातील, विशेषतः इच्छा-शंका दाखवणारी रूपं छळतील. लिपी आणि सूर हिशेबात घेतले तर पारडं फिरतं, पण तो तुमचा प्रश्न नव्हता.

सरावाला हे वाक्य घ्या : ‘मी काल भेटलेला तो माणूस तुझ्या दादापेक्षा उंच आहे.’ आधी इंग्रजीत करा, मग स्पॅनिशमध्ये, आणि किती तुकडे हलवावे लागले ते मोजा. मग चिनी बघा : ‘वो त्स्वोथ्येन च्येन तऽ ना-कऽ रन पी नी कऽकऽ काओ.’ यातला ‘पी’ म्हणजे ‘पेक्षा’. तो दादाच्या आधी आलाय आणि ‘आहे’ गळालंय, बाकी काहीही जागचं हललेलं नाही.